तीस माणसांचा मलिदा

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात मुलाची सुन्नत झाली, लग्न ठरलं, आजारातून कुणी उठलं, नव्या घराची किल्ली हातात आली किंवा कुणी इस्राएलला निघालं की मलिदा बोलला जातो. एलियाहू हन्नाबीची (एलिया संदेष्ट्याची) आठवण करायची, देवाचे आभार मानायचे आणि ताटातली फळं-पोहे सगळ्यांनी मिळून खायचे, एवढाच विधी. घरात आठ माणसांत तो सहज होतो. मशिदीत, म्हणजे आपल्या प्रार्थनाघरात (सिनेगॉगमध्ये), तीसेक माणसं जमवून करायचा म्हटलं की घोटाळे होतात, आणि ते दर वेळी त्याच जागी होतात: ऐन वेळी दहावा माणूस नसतो, ताटात चुकीची फळं येतात, पोह्यांचा लगदा होतो, बेराखा (खाण्याआधीचं आशीर्वचन) झाल्यावर वाटपाला दहा मिनिटं जातात. हे सगळं आधी टाळता येतं.

खालची मापं तीस माणसांची आहेत. पंधरा असतील तर निम्मी घ्या. साठ असतील तर पोहे दोन वेगवेगळ्या परातींत कालवा, एका परातीत दोन किलो नीट कालवले जात नाहीत.

आधी दिवस, मग दहा माणसं

मलिद्यातलं गाणं आणि बेराखा एकटा माणूसही म्हणू शकतो, त्याला दहाची अट नाही. पण कद्दीश (मृतांसाठीही म्हटली जाणारी प्रार्थना), बारेखू, केदुशा या प्रार्थना आणि सेफेर तोराचं (तोराच्या गुंडाळीचं) वाचन यांना तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. पेण, रेवदंडा, अलिबाग अशा ठिकाणी, जिथे आता मोजकी घरं उरली आहेत, तिथे दहा जण एकत्र येण्याचे दिवस वर्षात बोटांवर मोजण्याइतके असतात. म्हणून मलिद्याचा दिवस ठरवताना नुसता मलिदा ठरवू नका, त्याला जोडून तेफिला (प्रार्थना) ठेवा. बापाच्या किंवा आईच्या वर्षश्राद्धाचा कद्दीश कुणाचा राहिलाय, हे मशिदीच्या वहीत बघा आणि त्या घरी आधी कळवा. ज्याला महिनोन्महिने दहा माणसं मिळालेली नाहीत, तो अशा निरोपावर पुण्याहूनसुद्धा येतो.

सगळ्यात चांगला दिवस म्हणजे सोमवारी किंवा गुरुवारी आलेली सरकारी सुट्टी. त्या दोन दिवशी सकाळच्या तेफिलात सेफेर तोरा वाचतात, त्यामुळे शाखरीत (सकाळची प्रार्थना), वाचन, कद्दीश आणि मग मलिदा असं सगळं एका सकाळी होतं. रविवारी रोश खोदेश (हिब्रू महिन्याची सुरुवात) किंवा सण नसेल तर वाचन नसतं, तरी लोकांना सोयीचा तोच. रविवारी संध्याकाळी ठेवायचा तर सूर्यास्ताआधी मिन्हा (दुपारची प्रार्थना), मग मलिदा, मग आरवीत (रात्रीची प्रार्थना) हा क्रम ठेवा. सूर्यास्त रायगड किनाऱ्यावर जानेवारीच्या मध्यावर सव्वासहाच्या सुमारास होतो आणि जूनअखेरीस सव्वासातच्या पुढे. पत्रिकेवर दर वेळी ‘सायंकाळी सहा’ छापण्याची सवय सोडा. जानेवारीत सहाला बोलावलंत तर माणसं बसेपर्यंत मिन्हाची वेळ निघून जाते.

शनिवारी रात्रीचा मलिदा सुंदर असतो, कारण शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) सरताना एलियाहूचं गाणं म्हणण्याची रीतच आहे. मात्र शब्बाथ संपल्याशिवाय नारळ फोडता येत नाही, खवता येत नाही, पोहे भिजवता येत नाहीत, बाहेरगावच्या माणसांना निघताही येत नाही. शब्बाथ साधारण सूर्यास्तानंतर तीस ते चाळीस मिनिटांनी सरतो. हवदाला (शब्बाथ संपवण्याचा विधी) करून कामाला लागलात तर दीड तास लागतो. तेव्हा वेळ नऊची द्या, साडेसातची देऊन लोकांना ताटकळत ठेवू नका. उपासाच्या दिवशी मलिदा ठेवत नाहीत. तारीख छापायला देण्याआधी इब्री (हिब्रू) पंचांगाशी ताडून बघा.

दहा हवे असतील तर सोळांना विचारा. आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या दिवशी दुपारी पुन्हा, दोन्ही वेळा फोन करूनच. गटावरच्या संदेशाला अंगठा दाखवणारा माणूस येतोच असं नाही. मुंबईहून बोटीने मांडव्याला येणारे असतील तर परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून घ्या आणि आरवीत तिच्याआधी संपेल असं बघा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, त्या महिन्यांत भाऊच्या धक्क्यावरची रो-रो किंवा रस्ता धरूनच हिशेब करा. आणि गावातल्या तेरा वर्षं नुकत्याच पूर्ण झालेल्या मुलाला विसरू नका. तो दहांत धरला जातो. त्याला तसं स्पष्ट सांगा, म्हणजे तो क्रिकेटला न जाता वेळेवर येतो.

कोण काय करणार

पूर्वी मशिदीत मुकादम (प्रमुख), चौगुले, गबाई (खजिनदार), हजान (प्रार्थना चालवणारे), शमाश (मशिदीची देखभाल करणारा) असे मानकरी असत आणि कामं आपोआप वाटली जात. आता एकच माणूस बहुतेक वेळा मुकादम आणि शमाश दोन्ही असतो, आणि हजान दुसऱ्या गावाहून येतात. तरी चार कामं चार वेगळ्या माणसांकडे द्या: माणसं जमवणं, बाजार आणि शरबत, पोहे आणि ताट, मशीद उघडून साफ करणं. ज्याचा नवस आहे त्याच्या घरावर यातलं एकही काम टाकू नये. त्यांनी खर्च करायचा, पाहुणे बघायचे आणि ताटासमोर बसायचं, तेवढं पुरे.

बरेच दिवस बंद असलेली मशीद दोन दिवस आधी उघडा, त्याच सकाळी उघडू नका. टाकीत पाणी, पंखे, दिवे, नळ हे बघायचंच, पण सिद्दूरांचं (प्रार्थनापुस्तकांचं) कपाटही त्याच दिवशी उघडून पुस्तकं वाऱ्यावर ठेवा. कोकणातल्या दमटपणात पानं चिकटतात आणि कसर लागते. हेखालचा (सेफेर तोरा ठेवायच्या कपाटाचा) पडदा आणि सेफेर तोराचं आवरण कोरड्या फडक्याने पुसा. ओला फडका लावला तर जरीचा रंग उतरतो.

फळं घेताना बेराखा डोक्यात ठेवा

बाजारात सर्वांत जास्त चूक इथे होते. लोक पाच फळं म्हणून कलिंगड, केळी, अननस, पपई आणि स्ट्रॉबेरी आणतात आणि ताट भरगच्च दिसतं. पण या ताटात ‘बोरे पेरी हाएत्स’ म्हणावं असं एकही खात्रीचं फळ नाही. वेगवेगळ्या प्रकारच्या खाण्यावर वेगवेगळी बेराखा म्हणायची, हेच मलिद्याच्या ताटाचं वैशिष्ट्य आहे. म्हणून यादी फळांच्या नावांनी न करता बेराखांच्या नावांनी करा.

हाएत्स म्हणजे झाडाचं फळ: खजूर, सफरचंद, डाळिंब, द्राक्षं, चिकू, पेरू, संत्रं, मोसंबी. यांत खजूर हवाच, आणि त्याच्यावरच बेराखा म्हणावी, कारण इस्राएलच्या भूमीची जी सात पिकं अनुवाद 8:8 मध्ये सांगितली आहेत त्यांतला ‘मध’ म्हणजे खजुराचा मध असं धरलं जातं. द्राक्षं, अंजीर आणि डाळिंबही त्या सातांत आहेत, पण एका ताटात सगळं असलं की खजूर त्यांच्याआधी.

हाअदामा म्हणजे जमिनीतून आलेलं. केळं इथे येतं, कारण केळीचं खोड वर्षानुवर्षं टिकत नाही, घड काढला की तो बुंधा संपतो आणि बाजूच्या पिलातून नवा वाढतो. अननस, कलिंगड आणि स्ट्रॉबेरीही हाअदामा. ताटाला केळं एकटं पुरतं. वेलची केळी घ्या, लहान असतात आणि कापावी लागत नाहीत. पपईबद्दल जाणकारांत दोन मतं आहेत, म्हणून ती ताटात न ठेवणंच बरं. नंतर जेवणात खुशाल वाढा.

सुगंधासाठी गुलाब किंवा सब्जाची डहाळी. गुलाबाचं झाड काष्ठी असतं, त्यावर ‘बोरे अत्से बेसामीम’. सब्जा मऊ रोप आहे, त्यावर ‘बोरे इस्बे बेसामीम’. दोन्ही एका वाटीत मिसळून ठेवले की हजानांना थांबून विचार करावा लागतो, तेव्हा एकच ठेवा किंवा दोन वेगळ्या वाट्या करा. फुलवाल्याकडचे गुलाब पुष्कळदा वास नसलेले असतात. ज्याला वास नाही त्यावर सुगंधाची बेराखा म्हणता येत नाही, म्हणून घेण्याआधी नाकाला लावून बघा. देशी गुलाबी गुलाब लहान दिसतो पण त्याला वास असतो. लिंबू किंवा ईडलिंबू हुंगायला ठेवण्याची पद्धत असेल तर त्यावर ‘हानोतेन रेआख तोव बापेरोत’ म्हणतात.

तीस माणसांना साधारण असं घ्या: खजूर एक किलो, वेलची केळी चार डझन, सफरचंदं बारा, डाळिंबं सहा, द्राक्षं किंवा चिकू दीड किलो, गुलाबाची पंधरा फुलं. ताटात ठेवायची फळं डाग नसलेली आणि अख्खी निवडा, वाटायची वेगळी कापा. खजूर प्रत्येक उभा चिरून, बी काढून, आतून उजेडात बघा. सुटा स्वस्त खजूर असेल तर आत किडा निघण्याची शक्यता जास्त, आणि किडा आपल्याला वर्ज्य आहे. हे काम आदल्या दिवशी दोन बायका किंवा दोन मोठी मुलं तासाभरात करतात. मलिद्याच्या दिवशी ठेवलंत तर कुणीतरी घाईत न बघताच पुढे सारतो.

काळ्या मनुकांचं शरबत

कोकणातल्या आपल्या लोकांनी दारूशिवाय किद्दुश (शब्बाथ-सणाचा पेल्यावरचा विधी) शतकानुशतकं याच शरबतावर केला, आणि नीट केलं तर त्यावर ‘बोरे पेरी हागेफेन’ ही द्राक्षरसाची बेराखा पूर्णपणे लागू होते. नीट म्हणजे काय, ते महत्त्वाचं.

अर्धा किलो काळ्या मनुका घ्या. एक मनुका दोन बोटांत दाबा. आत ओलसर गर जाणवला पाहिजे. वाळून खडा झालेली, दाबल्यावर काहीच न निघणारी मनुका चालत नाही, कारण द्राक्षाचा स्वतःचा रस पाण्यात उतरला तरच त्याला द्राक्षरस म्हणता येतं. नुसतं रंगीत गोड पाणी झालं तर ती बेराखा लागत नाही. मनुका कोमट पाण्याने दोनदा धुवा. बाजारातल्या मनुकांवर तेलाचा हात असतो, तो गेला नाही तर शरबतावर तवंग येतो. देठ काढा. मग सव्वा लिटर पिण्याच्या पाण्यात रात्रभर, निदान बारा तास, झाकून ठेवा. सकाळी त्याच पाण्यात हाताने चांगल्या कुस्करा. मिक्सर वापरायचा तर दोन-तीन झटकेच द्या, बी वाटली गेली की शरबत कडवट होतं. पातळ स्वच्छ पंचातून पिळून गाळा. सव्वा लिटरच्या आसपास दाट, तपकिरी-जांभळं शरबत निघतं. साखर घालू नका, लागत नाही.

चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून दुसरं पिळणं काढायचा मोह होतो, विशेषतः पाहुणे वाढले की. तो टाळा. दुसरं पिळणं पातळ असतं आणि हागेफेनबद्दल शंका येते. मनुका पाण्याच्या मानाने एकषष्ठांशाहून जास्त असाव्यात असं माप जाणकार देतात. वर दिलेलं प्रमाण त्याच्या बरंच वर आहे, म्हणून निश्चिंत असा. पाहुणे वाढणार असं वाटलं तर सुरुवातीलाच पाऊण किलो मनुका भिजवा. बाटलीतलं ‘द्राक्षाचं’ सरबत, ज्यात रंग आणि वासच द्राक्षाचा असतो, त्यावर ‘शेहाकोल’ ही सर्वसाधारण बेराखा म्हणतात. ते किद्दुशच्या पेल्यात ओतायचं नाही.

उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं शरबत दुपारपर्यंत फसफसू लागतं. गाळलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. मलिदा शनिवारी रात्री असेल तर मनुका शुक्रवारी सूर्यास्ताआधी भिजवून पातेलं फ्रिजमध्ये ठेवायचं आणि हवदाला झाल्यावर गाळायचं. शब्बाथला भिजवणं, पिळणं दोन्ही नाही.

वाटपाला माणशी तीस मिलिलिटरचे लहान पेले पुरतात. हजानांचा पेला मात्र 86 मिलिलिटर धरेल एवढा मोठा घ्या आणि काठोकाठ भरा.

पोहे

मलिदा फसला असं लोक म्हणतात तेव्हा बहुधा पोहे फसलेले असतात. मध्यम जाडीचे पांढरे पोहे एक किलो घ्या. पातळ पोहे चिवड्याचे, ते ओले झाले की पिठासारखे होतात. फार जाड घेतले तर आतून कोरडे राहतात आणि नारळाचा ओलावा पीत नाहीत. चाळा, निवडा, किडे-तूस बघा.

नारळ चार. प्रत्येक नारळ वेगळ्या वाटीवर फोडा आणि पाणी चाखा. एक खवट निघाला आणि बाकीच्यांत मिसळला तर चारही गेले. पाणी ठेवून द्या, लागणार आहे. खोबरं मलिद्याच्या जास्तीत जास्त तीन तास आधी खवा. मेच्या उकाड्यात सकाळी खवलेलं खोबरं संध्याकाळी आंबतं, आणि मग दोष पोह्यांवर येतो. काळी साल खवण्यात येऊ देऊ नका, मलिदा पांढराशुभ्र दिसला पाहिजे.

पोहे एकदम भिजवू नका. तीन वाटण्या करून एकेक वाटणी रोवळीत किंवा चाळणीत घ्या, वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद फिरवा आणि निथळायला पसरा. पंधरा मिनिटांत दाणा बोटाने दाबला की मऊ लागतो पण अख्खा राहतो. कोरडे वाटले तर नारळाचं पाणी हाताने शिंपडा, पाव वाटीपेक्षा जास्त एका वेळी नको. मग खोबरं घालून हलक्या हाताने, खालून वर, कालवा. त्यात पंधरा वेलदोड्यांची पूड, अर्ध्या जायफळाची पूड, दोनशे ग्रॅम बदाम-पिस्त्यांचे काप, शंभर ग्रॅम बेदाणे.

साखर साडेतीनशे ग्रॅम, पण ती शेवटी, ताट मांडायच्या अर्ध्या तासाआधी. आधी घातली तर खोबऱ्यातलं पाणी ओढून घेते आणि तळाशी पाक साचतो. वरचे पोहे कोरडे आणि खालचे चिकट होतात. दळलेली साखर जास्तच लवकर पाणी सोडते, म्हणून साधी दाणेदार साखर बरी.

दूध, साय, तूप यांतलं काहीही घालू नका. काजू तुपात परतून घालणं ही अलीकडची हौस आहे. ती केली की मलिदा दुधाचा होतो आणि त्या दिवशी मटणाचं जेवण असेल तर मोठा पेच येतो, कारण मटण आणि दूध आपल्यात एकत्र चालत नाही. आपल्या सगळ्या गोड पदार्थांत नारळ आहे तो याचसाठी. भांडीसुद्धा बघून घ्या. मलिद्याची परात मटणाची किंवा दुधाची नसलेली, वेगळी ठेवलेली असावी.

पोह्यांवर कोणती बेराखा, याची चर्चा दर मलिद्याला होते. शिजलेल्या तांदळाच्या पदार्थावर ‘बोरे मिने मेझोनोत’ म्हणतात, आणि पोहे कच्च्या तांदळाचे नसतात, भात भिजवून, भाजून मग कुटलेले असतात. तरी त्या दिवशीच्या हजानांना फोनवर आधीच विचारून ठेवा. ताटासमोर उभं राहून वाद घालू नये. मलिद्यात पोहे मुख्य आणि खोबरं-मेवा त्यांच्यासोबतचा, म्हणून परातीतल्या खोबऱ्यावर किंवा बदामावर वेगळी बेराखा म्हणायची नाही.

ताट

मोठं, काठ असलेलं ताट घ्या, दीड हात रुंद तरी हवं. खाली धुतलेलं पांढरं कापड. मधोमध पोह्यांची रास, हाताने दाबून घट्ट न करता. भोवती अख्खी फळं गोलाकार, खजूर हजानांच्या उजव्या हाताला सहज लागेल असे. गुलाबाच्या पाकळ्या राशीवर पसरा, पण हुंगायची फुलं वेगळ्या वाटीत ठेवा. पाकळ्या अगदी शेवटी घाला, ओल्या पोह्यांवर त्या अर्ध्या तासात काळवंडतात. शरबताचा पेला ताटाबाहेर, बशीत. कलंडला तर पूर्ण रास जाते. दिवा लावा आणि ताट पांढऱ्या कापडाने झाका. एलियाहूचं गाणं सुरू होईपर्यंत झाकलेलंच राहू द्या, पंख्याखाली पोहे पाच मिनिटांत सुकतात.

वाटप बेराखेच्या आधी

आधी सगळे मिळून एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणतात. मग ‘वेयित्तेन लेखा’, म्हणजे उत्पत्ति 27:28 पासूनची आशीर्वादाची वचनं आणि पुढची ठरलेली वचनं. त्यानंतर एकेक बेराखा. त्यांचा क्रम मशिदीमशिदीत थोडा वेगळा आहे. तुमच्या मशिदीत जो चालत आला आहे तोच पाळा आणि तो कागदावर लिहून हजानांसमोर ठेवा, विशेषतः हजान बाहेरगावचे असतील तर.

आता नेहमीची अडचण. हजान हाएत्स म्हणतात, सगळे आमेन म्हणतात आणि मग दोन मुलं खजुराचं तबक घेऊन तीस माणसांत फिरतात. शेवटच्या ओळीपर्यंत खजूर पोचतो तोवर पुढच्यांनी खाऊन गप्पा सुरू केलेल्या असतात आणि मागच्यांचं आमेन होऊन पाच मिनिटं गेलेली असतात. बेराखा आणि पहिला घास यांच्यामध्ये बोलू नये आणि खोळंबाही नको. उपाय साधा आहे: गाणं चालू असताना प्रत्येकाच्या हातात भरलेला द्रोण द्या. त्यात एक बी काढलेला खजूर, एक वेलची केळं, सफरचंदाची फोड, थोडं डाळिंब आणि दोन चमचे पोहे. शरबताचा पेला खुर्चीखाली किंवा बाकाच्या फळीवर. द्रोण भरायला दोघांना वीस मिनिटं लागतात, म्हणजे मिन्हाच्या आधी भरून झाकून ठेवायचे. केळं सालीसकट ठेवा, सोललेलं काळं पडतं.

मग हजान प्रत्येक बेराखेआधी कोणती वस्तू, ते मराठीत मोठ्याने सांगतील: ‘खजूर हातात घ्या.’ प्रत्येकाने बेराखा हळू आवाजात स्वतःही म्हणावी. लगेच खावं. मग ‘केळं’. असं केल्यावर सगळ्या बेराखा सात-आठ मिनिटांत होतात आणि लहान मुलांनाही कशावर काय म्हणायचं ते हातातल्या वस्तूवरून पाठ होतं. परातीतला बाकी मलिदा यानंतर वाढायचा, तेव्हा मग घाई नाही.

नंतरच्या बेराखेबद्दल एक बारीक गोष्ट. ती ऑलिव्हएवढं, म्हणजे साधारण सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम खाल्लं असेल तरच म्हणायची. एक खजूर तेवढा भरत नाही. ज्यांनी तीन-चार खजूर खाल्ले त्यांनी ‘अल हाएत्स’ म्हणावं, नुसता मलिदा पोटभर खाणाऱ्यांना ‘बोरे नेफाशोत’. पेलाभर शरबत एकट्या हजानांनी घेतलेलं असतं, म्हणून ‘अल हागेफेन’ त्यांची.

कागद

इब्री वाचता येणारे कमी होत आहेत, म्हणून गाणं आणि बेराखा देवनागरीत छापून द्या. अक्षर अठरा पॉइंटचं, एका पानावर मावेल एवढंच. उच्चार तुमच्या मशिदीत जसे होतात तसे लिहा. ‘हन्नाबी’ म्हणत आला असाल तर कुणी पुस्तकातून ‘हानावी’ उतरवून आणलं म्हणून बदलू नका, एकाच ओळीत अर्धे लोक एक आणि अर्धे दुसरं म्हणू लागतात. खाली मराठी अर्थ एकेका ओळीत. देवाचं नाव असलेला कागद रद्दीत किंवा फळांच्या सालींबरोबर जाता कामा नये. दारात एक पेटी ठेवा, निघताना सगळे कागद तीत जमा करा. फाटलेले साठवून पुढे कबरस्तानात रीतीप्रमाणे पुरायचे.

जेवण

जेवण भाताचं ठेवा. चपाती किंवा पाव आला की हात धुण्याची बेराखा, हामोत्सी (पावावरची बेराखा) आणि शेवटी पूर्ण बिरकत हामाझोन (जेवणानंतरची प्रार्थना) आली. ती करायची असेल तर अवश्य करा, पण एका नळावर तीस माणसांचे हात धुवायला अर्धा तास जातो आणि शेवटची बोट चुकते. भात किंवा तांदळाची भाकरी असेल तर मेझोनोतवर भागतं.

मटण-कोंबडी शास्त्राप्रमाणे कापणारं कुणी नसेल तर मासा करा: नारळाच्या दुधातलं बांगड्याचं किंवा रावसाचं कालवण. पंख (पर) आणि खवले दोन्ही असलेलाच मासा, म्हणून मुशी, शिंगाळा, माकूळ, कोळंबी, शिवल्या नाहीत. मासा अख्खा, खवल्यांसकट घ्या आणि खवले तुमच्यासमोर काढून घ्या. कापून ठेवलेल्या तुकड्यांवरून मासा कुठला ते कळत नाही. तीस माणसांना साडेतीन किलो मासा आणि तीन किलो तांदूळ पुरे होतात, कारण मलिद्याने पोट अर्धं भरलेलं असतं.

टाप्याचा मलिदा

तू बिश्वातला, शेवात महिन्याच्या पंधराव्याला, बरेच जण अलिबागजवळच्या खंडाळ्याला ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ आहे तिथे मलिदा करतात. खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या, अशी परंपरा आहे. ही तिथी जानेवारी-फेब्रुवारीत येते. शनिवारी आली तर प्रवास होत नाही. उघड्यावर तयारी थोडी बदलते: पोहे तिथे धुवायला पाणी नसतं, तर घरून धुऊन, खोबऱ्याशिवाय, ओल्या पंचात गुंडाळून न्या. नारळ आणि खवणी सोबत घ्या आणि तिथेच खवा. साखर पुडीत वेगळी. दिव्याला काचेची चिमणी न्या, टेकाडावर वारा असतो. कचरा परत आणायच्या दोन गोण्या आठवणीने टाका, तिथल्या गावकऱ्यांनी ती जागा आजवर जपली आहे.

उठण्याआधी

परातीतल्या मलिद्याचे डबे करा आणि जे आजारपणामुळे, वयामुळे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे त्याच रात्री पाठवा. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दिला तर पोहे कडक आणि खोबरं उतरलेलं असतं. डबे किती ते आदल्या दिवशी मोजून, तेवढा मलिदा वाटपाच्या आधीच बाजूला काढा, नंतर काही उरत नाही. डबा नेणारा माणूस शक्यतो तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असू दे, आणि तिथे पाच मिनिटं बसून आज कोण कोण आलं होतं ते सांगून यावं.

मशिदीच्या वहीत तारीख, आलेल्यांची नावं, कुणाचा कद्दीश झाला, पोहे-मनुका किती घेतल्या आणि किती उरल्या हे सगळं दिवे मालवण्याआधी लिहा. बाहेरगावचे दहा जण समोर असतानाच पुढच्या तेफिलाचा दिवस विचारून घ्या आणि तोही तिथेच टिपा.